सुईची परीक्षा

घरात सगळ्यांच्या आधी मोहिनी उठायची. तिच्या सासूबाई शकुंतलाबाई आर्वीतल्या चार बायकांत मोठ्या तोऱ्याने सांगायच्या, "आमच्या सुनेले कधी उठवा लागत नाई." मोहिनी खाली मान घालून ते कौतुक ऐकून घ्यायची. खरं कारण न्हाणीघरात होतं, एका रिकाम्या क्रीमच्या डबीत. कडी लावायची, डबीतल्या दोन कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांत बसवायच्या आणि मगच चुलीकडे वळायचं. त्या काढायच्या त्याही सगळे झोपल्यावर. आठ वर्षं हाच नेम चालला होता. माणूस कशालाही सरावतो म्हणतात. म्हणणाऱ्याने एकदा चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी वीस माणसांच्या पुरणपोळ्या करून पाहाव्यात.

मोहिनीचा नंबर उणे साडेसहा. लेन्स नसली की वीतभर अंतरापलीकडच्या माणसाला नाकडोळे उरत नसत. आणि सासरी ही गोष्ट नवरा सोडून कोणालाही ठाऊक नव्हती.

याला जबाबदार होती एक सुई. रोहण्याला, मोहिनीच्या माहेरी, पाहुणे तिला पाहायला आले तेव्हा तिच्या आईने, विमलाबाईंनी, स्वयंपाकघरात तिच्या नाकावरून चष्मा उतरवला, नाकावर उमटलेला वळ बोटाने चोळला आणि चष्मा तुरीच्या डाळीच्या डब्यावर ठेवला. "थोडा वेळ राहू दे बाई. लगन झालं का मंग घाल खुशाल." चहाचा ट्रे घेऊन मोहिनी अंदाजाने बाहेर आली, अंदाजानेच कप दिले. मग शकुंतलाबाईंनी पर्समधून सुई आणि दोऱ्याची रीळ काढली. त्यांच्या सासूने त्यांची हीच परीक्षा घेतली होती, आणि त्यांनी दोन्ही जावांची. त्या घरात सून यायची ती सुईच्या नेढ्यातूनच. "ओवून दाखव बाई."

मोहिनीने लाजल्यासारखी मान खाली घातली, सुई नाकाजवळ नेली आणि पहिल्याच झटक्यात दोरा आरपार केला. "नजर मोठी तेज हाय पोरीची," शकुंतलाबाई खूश होऊन म्हणाल्या, आणि तिथेच होकार झाला. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला जवळचं चांगलं दिसतं, एवढी साधी गोष्ट त्या बैठकीत एकाही शहाण्याला माहीत नव्हती. जिला माहीत होती ती गप्प बसली.

'लगन झालं का मंग' तो दिवस मात्र कधी आला नाही. आधी नवी नवरी म्हणून नको, मग सण म्हणून नको, मग पोटुशी म्हणून नको. त्यात शकुंतलाबाईंचा अभिमान ऐकून ऐकून तिची जीभच आखडायची. "आमच्या घरात कोणाले चष्मा नाई. आमचे हे सत्तरी ओलांडली तरी बियाण्याच्या पाकिटावरची तारीख बिनचष्म्याची वाचतात." प्रफुलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पहिल्याच महिन्यात कळलं. तो वाईट माणूस नव्हता. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून उभ्या तालुक्याशी गोड बोलायचा. तो म्हणाला, "मी सांगतो आईले. मोका पाहून." प्रफुलचा मोका आठ वर्षं झाली तरी वाटेतच होता.

एकदा तर कहरच झाला. प्रफुलची आत्या वारली तेव्हा रडता रडता मोहिनीची एक लेन्स गळून पडली. ती प्रेताशेजारी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी फरशी चाचपू लागली. बायकांनी तिला धरून उठवलं. "आतेसासूसाठी एवढा शोक कोण करते आजकाल," म्हणून गावभर तिचं नाव झालं. त्या कौतुकाचंही तिने उरलेल्या एका डोळ्याने ओझंच वाहिलं.

हे सगळं तिने निभावलं असतं. पण रुचिका पहिलीत गेली आणि गाडी रुळावरून घसरली. रुचिका तिची एकुलती एक मुलगी. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'फळ्यावरून उतरवताना चुकते. डोळे तपासून घ्यावेत.' शकुंतलाबाईंनी नातीकडून ते वाचून घेतलं आणि पर्समधली सुई काढली. रुचिकाने नाकाशी नेऊन ती झटक्यात ओवली.

"पाह्यलं?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "डोळ्याले काई धाड भरली नाई. आळस हाय, दुसरं काय! लक्ष सारं त्या मोबाईलमंधी." त्या दिवसापासून रुचिकाला सकाळी गाजराचा रस आणि संध्याकाळी बोलणी असा खुराक सुरू झाला.

मोहिनी तेव्हा पोळ्या लाटत होती. एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं. पण पोरीला चष्मा लागला की पहिला प्रश्न येणार, हा आला कुठून? आणि मग साऱ्या घराचे डोळे तिच्या डोळ्यांकडे वळणार. तिने पोळी तव्यावर टाकली आणि तोंड मिटून घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली, खूप वाटली, पण तोंड काही उघडलं नाही. त्याऐवजी तिने एक बेत केला. आधी आपल्या डोळ्यांचं लेझर उरकायचं, म्हणजे आपल्याकडे बोट दाखवायला काही उरणार नाही. मग रुचिकाचा चष्मा. बेत चांगला होता. फक्त त्यापायी पोर वर्षभर फळ्याकडे नुसती बघत बसली.

वर्ध्याला, बोरगाव मेघेच्या रस्त्यावर डोळ्यांचा नवा दवाखाना झाला होता. कोणाच्या तरी साक्षगंधाला जातो असं सांगून प्रफुल तिला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. नुसत्या चष्म्याच्या नंबरावर करायचं ते साधं लेझर. हे त्याच्या पुढचं. प्रत्येकाच्या डोळ्यावर बारीक बारीक उंचवटे आणि खळगे असतात, ते नंबरात पकडता येत नाहीत. यंत्र आधी त्यांचा नकाशा काढतं आणि लेझर त्या नकाशाप्रमाणे चालतं. मोहिनीने मनात म्हटलं, म्हणजे रेडिमेड ब्लाउज आणि मापाचा ब्लाउज.

"लेन्स कधीपासून बंद आहे?" यंत्रावरच्या मुलीने विचारलं.

"पंधरा दिवस झाले." फोनवर तसंच सांगितलं होतं ना, पंधरा दिवस बंद ठेवा म्हणून.

मुलीने यंत्र चालवलं. मग पुन्हा चालवलं. तिसऱ्यांदा चालवून ती डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आली. पडद्यावर एकाच डोळ्याचे तीन नकाशे होते आणि तिन्ही तीन तऱ्हांचे. डॉक्टरीणबाईंनी मोहिनीकडे पाहिलं. "ताई, रागावत नाही. खरं सांगा, लेन्स कधी काढली?"

"आज सकाळी," मोहिनी म्हणाली. "वर्ध्याच्या स्टँडवर."

बसस्टँडच्या संडासात उभी राहून तिने लेन्स काढल्या होत्या आणि पिशवीतला जुना चष्मा चढवला होता. आठ वर्षांत घरादाराने पकडलं नाही ते यंत्राने तीन मिनिटांत पकडलं. लेन्सने डोळ्याचा आकार दबतो, तो आपल्या जागी यायला वेळ लागतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "या नकाशावर लेझर केलं असतं तर नजर बिघडली असती. अंगात स्वेटर असताना ब्लाउजचं माप घेतल्यासारखं. तीन आठवडे लेन्सला हात लावायचा नाही." मोहिनीला इतकं हसू आलं, की दुसऱ्या क्षणी रडूच फुटलं. प्रफुल बाहेर जाऊन चहा घेऊन आला. त्याला तेवढंच जमायचं.

तीन आठवडे बिनलेन्सचं राहायचं तर माहेराशिवाय जागा नव्हती. दिवाळीच्या सुट्या लागल्या तशी आईचे गुडघे दुखतात या सबबीवर ती रुचिकाला घेऊन रोहण्याला गेली. विमलाबाईंचे गुडघे ठणठणीत होते. पण आठ वर्षांपूर्वी सुरुवात आपणच केली होती हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी गुपचूप दुखवून घेतले.

पहिले दोन दिवस मोहिनी नुसती झोपली. जुना चष्मा उशाशी ठेवायचा, जाग आली की घालायचा, कोणाला चोरून नाही. डोळ्यांचा एवढा शीण आपल्या अंगात साठला होता हे तिला झोपल्यावरच कळलं.

रुचिकाला एक खोड होती. कुठेही गेली की उंबऱ्याशी थबकायची आणि हळूच विचारायची, "मम्मी, आजी रागावली का?" आजी नसेल तर बाई, बाई नसतील तर मामा. कोणी रागावलं आहे का, हा तिचा पहिला प्रश्न. सगळे म्हणायचे, पोट्टी भित्री हाय. मोहिनीलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मोहिनी बाजेवर पडली होती. रुचिकाने तिचा चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर चढवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अंगणाकडे पाहिलं. पलीकडच्या टोकाला विमलाबाई शेजारणीशी बोलत होत्या.

"मम्मी, आजी हसून राह्यली."

"मंग?"

"मले इथून दिसली." ती हळूहळू मान वळवत राहिली. "मामा पण हसून राह्यला. ती बाई नाई हसत. मम्मी, त्याईचे तोंडं दिसतात इथून!"

मोहिनी उठून बसली. पोर भित्री नव्हती. तिला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून ती विचारून घेत होती. वर्षभर विचारत होती आणि आई उत्तर देत होती, नाई रागावली, जाय. मोहिनीने तिला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवत राहिली.  रडायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

तीन आठवड्यांनी मोहिनीचा भाऊ कैलास दोघींना वर्ध्याला घेऊन गेला. या वेळी तिन्ही नकाशे सारखे आले. रुचिकाचेही डोळे तपासले. उणे तीन. "आधी आणायला हवी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला एवढा नंबर असला की मुलांना लागायची शक्यता असते. आणि तुमच्या लेझरने तुमचे डोळे सुधारतील, तिला तुमच्याकडून जे आलं ते आलंच." मोहिनी हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लेझर झालं. थेंब टाकून डोळे बधिर केले, पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावला. "हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा." टकटक आवाज, केस जळाल्यासारखा वास, आणि संपलं. एका डोळ्याला मिनिटभरही लागलं नाही. माहेरी येऊन चुरचुर, पाणी आणि झोप. सकाळी उठली तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या तिला अंथरुणातून वाचता आल्या. तिला वाटलं होतं आपण आनंदाने ओरडू. तिने एकादशी कधी आहे ते पाहिलं आणि परत डोळे मिटून घेतले. फार लांबून चालत आलेल्या माणसाला घर आलं म्हणून नाचावंसं थोडंच वाटतं?

रुचिकाला गुलाबी काड्यांचा चष्मा मिळाला. आर्वीच्या बसमध्ये तो घालून ती खिडकीबाहेरच्या सगळ्या पाट्या वाचत होती. आर्वी जवळ आली तसं मोहिनी म्हणाली, "बेटा, हा शाळेत लावजो. घरी येतानी काढून ठेवजो. थोडे दिवस. मंग सांगते मी आजीले." बोलता बोलताच तिला कळलं आपण कोणाचं वाक्य बोलतोय. तरी तिने ते पुरं केलं.

रुचिकाने चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला.

पंधरा दिवस गेले. मोहिनीला आता पहाटे उठायचं कारण नव्हतं, तरी जाग यायची. रुचिकाचं उतरवणं बिनचूक होऊ लागलं. शकुंतलाबाई म्हणाल्या, "पाह्य, गाजराचा गुण आला." मोहिनी उद्या सांगू, परवा सांगू, म्हणत राहिली. आता तर तिच्याकडे बोट दाखवायलाही काही नव्हतं. तरी जीभ उचलत नव्हती. लपवायची गोष्ट संपली होती, लपवायची सवय जात नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढत होती. गल्लीच्या वळणावर पिठाची गिरणी आहे. गच्चीवरून ती आपल्याला इतकी स्वच्छ दिसते याचं तिला अजून नवल वाटायचं. तिथे रुचिका दिसली. दप्तर पाठीवर, चष्मा नाकावर, उड्या मारत येत होती. वळणावर ती थांबली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून चष्मा काढला, डबीत घातला, डबी दप्तराच्या तळाशी, वर पुस्तकं. मग एक हात भिंतीला लावून हळूहळू चालू लागली. वाटेत हातगाडी उभी होती. तिचा दांडा रुचिकाला दिसला नाही. ती अडखळली आणि गुडघ्यावर आपटली.

मोहिनी कपडे टाकून जिन्याकडे धावली. खाली पोचेपर्यंत रुचिका दारात आली होती.

"काऊन वं, ढोपर कसं फोडलं?" शकुंतलाबाई विचारत होत्या.

"जागृतीनं ढकललं, आजी."

जागृती ही तिची जिवाभावाची मैत्रीण. सात वर्षांच्या पोरीने पापणी न लववता मैत्रिणीवर आळ घातला. आवाज हलला नाही, नजर हलली नाही. मोहिनीला हे जमायला दोन-तीन वर्षं लागली होती. पोरीला पंधरा दिवसांत आलं.

मोहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली.  मग ती पुढे गेली, दप्तर उघडलं, डबी काढली आणि शकुंतलाबाईंच्या देखत चष्मा रुचिकाच्या नाकावर बसवला.

"हे काय?"

"तिचा चष्मा हाय, आई. उणे तीन नंबर. वर्धेले तपासला."

"पण सुई त ओवते ते!"

"मीबी ओवली होती. लांबचं दिसत नाई त्याले जवळचं दिसते, आई. सुईतून काई कळत नाई. माहा नंबर साडेसहा होता. पोरगी माह्यावर गेली."

शकुंतलाबाईंनी तिला खालीवर न्याहाळलं. "तुले कुठी चष्मा हाय? आठ वर्षं पाहून राह्यली मी. उगी पोरीपायी काहीबाही सांगू नको."

 आठ वर्षं खोटं चाललं, आणि खरं सांगायच्या दिवशी हातात पुरावाच नव्हता. तेवढ्यात प्रफुल दुकानातून आला आणि नळाशी पाय धुवायला बसला. त्याने सगळं ऐकलं होतं, कारण तो नेहमीपेक्षा फार वेळ पाय धूत होता.

"तुमी सांगा," मोहिनी म्हणाली. "याच्याहून मोठा मोका येत नाई आता."

प्रफुलने नळ बंद केला. "खरं हाय, आई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पयल्या महिन्यापासून माहीत हाय मले. दिवाळीत लेझर करून घेतलं तिनं."

शकुंतलाबाई ओट्यावर टेकल्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आठ वर्षं येडी बनवली मले," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावात सांगत फिरली मी, नजर तेज हाय म्हणून." आणि मग, खालच्या आवाजात, "तवा सांगतलं असतं त नाईच म्हटलं असतं मी."

"माहीत होतं," मोहिनी म्हणाली. "म्हणूनच नाई सांगतलं."

 रुचिका मध्ये उभी होती, गुडघ्यातून रक्त येत होतं.

"हिचंबी करून टाका मंग ते लेझर," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"अठरा पुरे झाल्याबिगर नाई करत. नंबर थांबा लागते."

"म्हणजे अकरा वर्षं."

"हो, आई. अकरा."

घरातली माणसं गप्प झाली की रुचिका आपलंच काही चुकलं असं धरायची. तिने दोन्ही काड्यांना हात घातला. "आजी, काढू का?"

शकुंतलाबाईंनी तिचं मनगट धरलं. मोहिनीकडे त्यांनी पाहिलं नाही, पुढेही चार-सहा दिवस पाहिलं नाही. पदराने त्यांनी नातीचं ढोपर पुसलं, आणि मग घसरलेला चष्मा एका बोटाने वर ढकलून घट्ट बसवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पडू दे नाकावर वळ."